लिंडनरसाहेबांची अठरा मिनिटं

पंचनाम्यात एकूण चौदा वस्तू होत्या. कॅमेरा एक, भिंगं चार, फिल्टरांची पेटी एक, तिकाटणं एक, ढगांकडे बघायची निळी काच एक, मोजपट्टी एक, जर्मनमध्ये लिहिलेल्या वह्या दोन, दुर्बीण एक, नाशिक जिल्ह्याचा नकाशा एक. हे तेरा झाले. चौदावा होता पत्र्याचा एक चपटा गोल डबा, कडेने काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. त्यात एकशे ऐंशी फूट फिल्म होती. शनिवारी चित्रित केलेली, अजून न धुतलेली.

पंचनामा मीच लिहीत होतो. फौजदार वाकचौऱ्यांच्या रायटरला ताप आला होता आणि माझं अक्षर बरं होतं.

"उघडा तो," फौजदार म्हणाले.

"नको," मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते इतक्या चटकन निघालं की दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा वळून बघायला लागला. फौजदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नाव काय तुमचं?"

"देवस्थळी. श्रीनिवास देवस्थळी, बी.एस्सी. इथे लॅबोरेटरी सांभाळतो. डबा उघडला तर आतलं सगळं जाईल, साहेब. उजेड लागला की संपलं."

"काय आहे आतलं, तेच तर बघायचंय मला."

"तेच दिसणार नाही. न धुतलेल्या फिल्मवर काही दिसतच नसतं."

"म्हणजे उघडलं तर दिसत नाही आणि नाही उघडलं तरी दिसत नाही," फौजदार म्हणाले. "झकास."

सोमवार, ४ सप्टेंबर १९३९. युद्ध सुरू झाल्याची बातमी आदल्या रात्री रेडिओवर आली होती आणि सकाळी साडेनऊला पोलिसांची लॉरी स्टुडिओच्या फाटकाशी उभी राहिली होती. आमच्याकडे जर्मन एकच. कुर्ट लिंडनर, आमचे कॅमेरामन, वय बेचाळीस. ते खुर्चीवर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांच्या शेजारी स्टुडिओचे मालक काकासाहेब वैशंपायन उभे होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं.

"त्याला नेणार हे आम्हाला कळलंच होतं, फौजदारसाहेब," काकासाहेब म्हणाले. "सगळ्याच जर्मनांना नेताहेत. पण या डब्याचं काय काढलंत?"

वाकचौऱ्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "पत्र आलंय. निनावी. शनिवारी या इसमाने दारणा नदीच्या काठी मोठा कॅमेरा लावून रेल्वेच्या पुलाचं चित्र घेतलं. नकाशा सापडला, दुर्बीण सापडली. आता राहिला डबा." त्यांनी कागद परत खिशात घातला. "माझ्याकडे दोन याद्या आहेत. पहिलीत साधे जर्मन. ते नगरच्या छावणीत जातात, तिथे त्यांना जेवण मिळतं, पत्रं लिहिता येतात. दुसरी यादी हेरगिरीची. त्यांना कुठे नेतात ते मलाही सांगत नाहीत. साडेतीनच्या गाडीला याला बसवायचाय. तोवर एका यादीत नाव लिहायचं."

लिंडनरसाहेब प्रथमच बोलले. "फौजदार, तू ऐक. आमची गोष्ट पेशवाईतली. पालखी येते, नदीवर थांबते, बाई उतरते. मागे आगगाडीचा पूल दिसला तर काकासाहेब मला ठेवील का?"

फौजदारांचे कान लाल झाले. काकासाहेब घाईने मध्ये पडले. "तो सगळ्यांनाच अरेतुरे करतो हो. मलासुद्धा. मराठी आमच्या सुतारांकडून शिकलाय."

"सुतार चांगले मास्तर," लिंडनरसाहेब म्हणाले. "दुर्बीण ढग बघायला. नकाशा घाट शोधायला. पूल माझ्या डाव्या हाताला होता. चित्रात नाही. डॉक्टर, तू त्याला फिल्म धुऊन दाखव."

डॉक्टर म्हणजे मी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस स्टुडिओत तोवर कोणी नव्हता, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं हे नाव ठेवलं होतं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला दीड वर्षात कळलं नव्हतं.

वाकचौऱ्यांनी विचार केला. घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. "ठीक आहे. धुवा. पण माझ्यासमोर. आणि हाच धुणार, तुम्ही मदतीला. बी.एस्सी., एक सांगून ठेवतो. आत काही कमीजास्त झालं, फिल्म कोरी निघाली, काळी निघाली, फाटली, तर मी ते पुरावा नष्ट केला असं धरीन. मग हा दुसऱ्या यादीत आणि तुम्हीही याच लॉरीत."

"कळलं," मी म्हणालो. मला खरंच कळलं होतं. मी पंचनाम्याचे कागद बाजूला ठेवले.

अंधारखोली दहा फूट बाय आठ फूट. तीन लाकडी टाक्या: पहिलीत फिल्म धुण्याचं द्रावण, ज्याला आम्ही बाथ म्हणायचो, दुसरीत पाणी, तिसरीत फिक्सर. फिल्म एका उभ्या लाकडी चौकटीवर गुंडाळायची आणि चौकट टाकीत बुडवायची. बाथमध्ये चित्र उमटतं, फिक्सरमध्ये ते पक्कं होतं. फिक्सर होईपर्यंत उजेडाचा एक किरणही चालत नाही. दारात फौजदार अडले.

"लाल दिवा लावा. फोटोवाल्याच्या दुकानात मी पाहिलाय लाल दिवा. तो लाल दिव्यातच धुतो."

"ही फिल्म लाल बघते," लिंडनरसाहेब म्हणाले. "जुनी फिल्म लाल रंगाला आंधळी होती. मी सोळा वर्षांचा, बर्लिनमध्ये, पहिली नोकरी, बाटल्या धुवायची. तेव्हा सगळे चित्रपट मुके. लाल दिव्यात आम्ही बसायचो, पाव खायचो, पत्ते खेळायचो आणि समोर टाकीत चित्र वर येताना बघायचो. आधी आकाश. मग बाईचा चेहरा. पुरे झालं की बाहेर काढायचं. घड्याळ कुणाकडे होतं? मग ही नवी फिल्म आली. सगळे रंग बघते. तिच्यासमोर आपण आंधळे."

"मग आता कळतं कसं, कधी काढायचं ते?"

"डॉक्टरचं कोष्टक आहे," लिंडनरसाहेब म्हणाले आणि माझ्याकडे न बघता हसले.

ते कोष्टक मी चार महिने खपून तयार केलं होतं. बाथचं तापमान किती अंश, तर फिल्म किती मिनिटं. तीस चाचण्या, प्रत्येकीची फिल्मची पट्टी वहीत चिकटवलेली. लिंडनरसाहेबांनी त्यावर सही केली होती आणि म्हणाले होते, "छान आहे. फक्त फिल्मला वाचता येत नाही." कोष्टक झाल्यावरही ते दर वेळी दोन बोटं बाथमध्ये बुडवून अंगठ्यावर चोळत, गिऱ्हाईक कापडाचा पोत बघतं तसं. मला ते बघवत नसे.

शेवटी असं ठरलं की फौजदार आत येतील, एका हाताने लिंडनरसाहेबांचा कमरेचा पट्टा मागून धरतील आणि दुसऱ्या हातात बॅटरी ठेवतील. बॅटरी लावणार नाहीत, पण बोट बटणावर राहील. शिपाई दाराबाहेर. काडीपेटी, विडी, सगळं बाहेर. मी दार लावलं, वरचा पडदा ओढला आणि दिवा घालवला.

तसला अंधार पहिल्यांदा अनुभवणारा माणूस आधी गप्प होतो आणि मग मोठ्याने बोलायला लागतो. वाकचौरे मोठ्याने बोलायला लागले. "कोण कुठे आहे?"

"मी तुझ्या हातात आहे," लिंडनरसाहेब म्हणाले.

"आणि बी.एस्सी.?"

"टाकीच्या पलीकडे, साहेब. फडताळापाशी."

फडताळात माझं गजराचं घड्याळ होतं, रेडियमच्या काट्यांचं. ते मी माझ्याकडे तोंड करून ठेवायचो, फिल्मकडे त्याची पाठ. त्या खोलीत दिसणारी तेवढी एकच गोष्ट होती आणि ती मला एकट्यालाच दिसत होती.

चिकटपट्टी उसवल्याचा लांब आवाज आला. मग डब्याचं झाकण. मग चौकट फिरायला लागली, मी फिरवत होतो आणि ते फिल्म सोडत होते. एकशे ऐंशी फूट गुंडाळायला नऊ मिनिटं लागली. त्या नऊ मिनिटांत फौजदारांनी तीनदा विचारलं, झालं का. प्रत्येक वेळी बॅटरीच्या बटणावर त्यांचं नख टिकटिकायचं.

"बाथ किती?" लिंडनरसाहेबांनी विचारलं.

"पासष्ट अंश फॅरनहाइट. बर्फ घालून आणलाय. अकरा मिनिटं."

पाण्यात काहीतरी बुडाल्याचा अगदी बारीक आवाज झाला. त्यांची बोटं. मग शांतता. नेहमी ही शांतता दोन सेकंदांची असे. त्या दिवशी ती लांबली.

"डॉक्टर, हा बाथ कधीचा?"

"आजचाच. सकाळी सातला केला."

"तू केला?"

"मीच."

"सगळं तोलून?"

"सगळं."

"सोडा पण?"

सोडा म्हणजे बाथमधला क्षार, ज्याने बाथ बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागतो. तो कमी पडला तर चित्र उमटायला वेळ लागतो. मला राग आला. पोलीस दाराशी, मागे बॅटरी, आणि यांचं बोटांचं चाललंय. "सोडा पण. दशांश ग्रॅमचाही फरक नाही. हवं तर वही दाखवतो."

"अंधारात?" ते म्हणाले.

फौजदार हसले. मी हसलो नाही.

पुन्हा पाण्याचा तोच बारीक आवाज झाला. पुन्हा शांतता. मग लिंडनरसाहेब म्हणाले, "बरं. चल, सोड." आणि आम्ही चौकट दोन बाजूंनी धरून बाथमध्ये उतरवली. घड्याळात अकरा बेचाळीस झाले होते.

चौकट सतत हलती ठेवावी लागते. ते ती वरखाली करत होते आणि स्वतःशी पुटपुटत होते. जर्मन माणूस सेकंद मोजताना एकवीसपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्या भाषेत एकवीस म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना जास्त, आणि समोर नट रडत असो की घोडे उधळत असोत, आपण आत मोजत राहायचं. बोलपट आले, कॅमेऱ्याला मोटर बसली, हाताचं काम गेलं. मोजणं राहिलं.

"हा काय मंत्र म्हणतोय?" फौजदारांनी विचारलं.

"वेळ मोजताहेत, साहेब."

"मराठीत मोजायला सांगा."

लिंडनरसाहेब मोठ्याने म्हणाले, "एकवीस, बावीस, तेवीस," आणि पुढची दोन मिनिटं खरोखर मराठीत मोजत राहिले. एकोणतीसला अडखळले, तसे फौजदार म्हणाले, "एकोणतीस," आणि मग ते पुढे गेले.

अकरा त्रेपन्न. मी म्हणालो, "साहेब, वेळ झाली. अकरा मिनिटं."

चौकट वरखाली होतच राहिली.

"साहेब, अकरा झाली. काढा."

"नाही," लिंडनरसाहेब म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"अजून नाही."

मी टाकीच्या कडेला हात लावला. त्यांचे हात चौकटीवर घट्ट होते आणि तालात हलत होते. मी चौकट धरून वर ओढायला लागलो. ती निघाली नाही. त्यांनी माझा हात बाजूला केला, हळूच, पण केला.

"काय चाललंय?" वाकचौऱ्यांचा आवाज एकदम वर गेला.

"काही नाही साहेब, वेळेबद्दल..."

"बी.एस्सी., नीट बोला. वेळ संपली म्हणालात ना? हा काढत का नाही?"

मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"जास्त ठेवलं तर काय होतं? खरं सांगा."

खरं एकच होतं. "काळी पडत जाते."

"काय काळं पडतं?"

"फिल्म."

"किती?"

"खूप ठेवली तर सगळी. मग काही दिसत नाही."

"म्हणजे हा माझ्यासमोर उभा राहून पुरावा जाळतोय!" बटणावर नख टिकटिकलं. "काढ बाहेर! नाहीतर लावतो मी बॅटरी. तीन म्हणेपर्यंत वेळ देतो."

"बॅटरी लावू नका," मी ओरडलो. "एका क्षणात सगळं जाईल!"

"मग त्याला काढायला सांगा! एक!"

घड्याळात साडेबारा मिनिटं झाली होती. माझं कोष्टक सांगत होतं की फिल्म आत्ताच दीड मिनिट जास्त शिजली आहे. मी म्हणालो, "साहेब, पाया पडतो. तुमचं नाव कुठल्या यादीत जाईल कळतंय ना? काढा."

"दोन!"

"मी चुकलो," लिंडनरसाहेब म्हणाले.

फौजदारांचं 'तीन' आलं नाही. चौकटीवरून पाणी ओघळल्याचा आवाज तेवढा येत होता.

"शनिवारी ढग होते. मी उजेड कमी दिला. भिंगाचं तोंड अर्धं घर जास्त बंद राहिलं. रात्री अंथरुणात आठवलं. म्हणून ही फिल्म अकरात उमटणार नाही, डॉक्टर. अठरा पाहिजेत." ते थांबले. "लाज वाटली म्हणून आधी बोललो नाही."

"बी.एस्सी.?" फौजदारांनी विचारलं. "असं असतं का?"

शनिवारी ढग होते, हे खरं होतं. कमी उजेड मिळालेल्या फिल्मला बाथमध्ये जास्त वेळ द्यावा लागतो, हेही खरं. पण लिंडनरसाहेबांचा उजेडाचा अंदाज चुकला, असं मी दीड वर्षात एकदाही पाहिलं नव्हतं. ते उजेड मोजायचं मीटर वापरत नसत. निळ्या काचेतून आभाळाकडे बघत आणि आकडा सांगत, आणि तो आकडा माझ्या मोजमापाशी जुळे. सव्वीस वर्षं या कामात काढलेला माणूस एका फौजदारापुढे आपण चुकलो म्हणत होता. कोणी उगाच असं म्हणत नाही, असं मला वाटलं.

"असतं," मी म्हणालो. "ते म्हणताहेत ते बरोबर आहे, साहेब. अठरा मिनिटं द्या."

"जबाबदारी?"

"माझी."

फौजदारांनी मोठा श्वास सोडला. "तुमच्या लॉरीतली जागा आहेच."

उरलेली मिनिटं चौकट तेवढी वरखाली होत राहिली. लिंडनरसाहेबांनी मोजणंही बंद केलं होतं. बरोबर बारा वाजता, मी काही म्हणायच्या आत, चौकट टाकीतून वर आली.

पाणी. मग फिक्सर. फिक्सरमध्ये आठ मिनिटं गेल्यावर मी दिवा लावला. आम्ही तिघेही डोळे मिचकावत उभे. फौजदारांच्या हातात अजून पट्टा होता. लिंडनरसाहेबांच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती. त्यांनी चौकट उचलून दिव्यासमोर धरली आणि तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

मी पाहिलं. आजवर त्या टाकीतून निघालेल्या उत्तम फिल्मांपैकी ती एक होती. आकाश भरलेलं, सावल्या उघड्या, पालखीच्या गोंड्याचा धागा न् धागा वेगळा.

"ही बाई काळ्या तोंडाची का?" वाकचौरे भिंगातून बघत म्हणाले. "आणि केस पांढरे. भूत दिसतंय."

"निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, साहेब. पांढरं ते काळं."

"आणि पूल?"

"नाही," मी म्हणालो.

ते माझ्या शब्दावर गेले नाहीत. एकशे ऐंशी फूट त्यांनी भिंगाने तपासलं, मला चौकट फिरवायला लावून, पाऊण तास. नदी, घाट, पालखी, भोई, बाई, पुन्हा नदी. पूल नव्हता. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं, डोळे चोळले आणि पट्टा सोडला.

"लिहा," ते मला म्हणाले. मी लिहून घेतलं: वस्तू क्रमांक चौदा आमच्या समक्ष धुतली. पुलाचे चित्र आढळले नाही. चित्रीकरणाचे वेळी उजेडाचे प्रमाण देण्यात चूक झाल्याचे सदर इसमाने स्वतः कबूल केले. नाव पहिल्या यादीत घ्यावे.

"ते चुकीबद्दलचं वाक्य कशाला?" काकासाहेबांनी दारातून विचारलं.

"अकराची अठरा का झाली, हे वरती विचारतील," फौजदार म्हणाले. "कारण लागतं."

काकासाहेब लिंडनरसाहेबांकडे वळले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "लिंडनर, तू? उजेडात? अरे, तुझ्या नावाने मी मुंबईत पैजा लावल्यात."

"वय झालं," लिंडनरसाहेब म्हणाले.

लॅबोरेटरीच्या नोंदवहीत मी तेच लिहिलं, माझ्या बऱ्या अक्षरात: कॅमेरामनच्या चुकीमुळे उजेड कमी, सबब अठरा मिनिटे. त्यांनी ते वाचलं आणि खाली सही केली. मग लॉरीकडे जाताना मला म्हणाले, "डॉक्टर, तो बाथ ओतून टाक. आज लगेच. माझ्या फिल्मने खराब झालाय."

"बरं," मी म्हणालो.

एक हातपिशवी घेऊन ते लॉरीत चढले. शिपायाने त्यांना बसायला जागा करून दिली. फौजदार पुढे बसले. त्यांना लिंडनरसाहेब काहीतरी म्हणाले आणि फौजदार हसले, मला ऐकू आलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्यांना आधी नगरला ठेवलं, मग डेहराडूनच्या छावणीत, एकूण सात वर्षं. तिथून त्यांना जर्मनीला धाडलं. चित्रपट फेब्रुवारीत लागला आणि चांगला चालला. शत्रूराष्ट्राचा माणूस म्हणून त्यांचं नाव पडद्यावर घातलं नाही. त्यांच्यामागे मुंबईहून नवा कॅमेरामन आला. त्याच्यासमोर कोणी लिंडनरसाहेबांचं कौतुक केलं की तो म्हणायचा, "हो, पण शेवटी उजेडात चुकलेच ना? पोलिसांच्या कागदात आहे." ती गोष्ट या धंद्यात दूरवर गेली. हँबुर्गमध्ये ते एका लॅबोरेटरीत फिल्म धुवायच्या कामाला लागले, असं मला १९५१ साली तिकडून आलेल्या एका यंत्रविक्रेत्याने सांगितलं. कॅमेरा मिळाला नाही का, मी विचारलं. तो म्हणाला, एका कंपनीने विचारपूस केली होती, पण मुंबईहून त्यांच्याविषयी चांगलं कळलं नाही.

मी त्यांना पत्र लिहिलं. ते कशाबद्दल होतं, हे सांगायला मला पुन्हा त्या आठवड्याकडे जावं लागेल.

बाथ मी ओतला नाही. सोमवारी रात्रभर एक गोष्ट मला टोचत राहिली होती. उजेड कमी मिळालेली फिल्म बाथ खराब करत नाही. उलट, तिच्याने तो कमीच झिजतो. हे लिंडनरसाहेबांना माझ्याहून जास्त चांगलं माहीत होतं. मग ओतून टाक का म्हणाले?

मंगळवारी सकाळी मी एका कोऱ्या पट्टीला ठरलेला उजेड दिला, माझ्या तीस चाचण्यांत द्यायचो तेवढाच, आणि ती त्याच बाथमध्ये पासष्ट अंशांवर अकरा मिनिटं ठेवली. वहीतल्या पट्टीशेजारी ती धरली. नवी पट्टी जवळजवळ पारदर्शक होती. दुसरी घेतली, तीच गत. तिसरी मी अठरा मिनिटं ठेवली. ती वहीतल्या पट्टीशी जुळली.

मग मी बाथमधल्या एकेका घटकाचा डबा खाली काढला. चार डबे जुने होते. सोड्याचा जुना डबा शनिवारी संपला होता. सोमवारी सकाळी मी नवा फोडला होता. त्यात खडे होते. पावसाळी हवेने गठ्ठे झाले असतील म्हणून मी ते खलात कुटले होते आणि मग काळजीपूर्वक तोलले होते.

आमच्या कृतीत धरलेला सोडा कोरडा असतो. कोरडा सोडा तापवला तरी त्याचं वजन घटत नाही. दहा ग्रॅम ठेवले तर दहाच उरतात. मी नव्या डब्यातला सोडा चिनीमातीच्या बशीत दहा ग्रॅम घेतला आणि स्पिरिटच्या दिव्यावर ठेवला. खडे आधी वितळले, बशीत पाणी झालं, ते उकळलं, आटलं आणि तळाशी पांढरी भुकटी राहिली. बशी गार होऊ दिली. तोलली. पुन्हा तापवली, पुन्हा तोलली. दोन्ही वजनं सारखी आली.

तीन पूर्णांक सात ग्रॅम. बाकीचं पाणी होतं; दशांश ग्रॅमचाही फरक न करता मी बाथमध्ये निम्म्याहून कमी सोडा घातला होता.